पासिंग बदलताना

रविवार हा जोतिबाचा वार. त्या दिवशी सकाळी दहानंतर डोंगरावर गाडी लावायला जागा मिळत नाही. केर्लीच्या फाट्यावरून वळून घाट चढायला लागलं की गाड्यांची रांग लागते आणि हळूहळू सरकताना पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचायचा चाळा सुरू होतो. एमएच ०९ म्हणजे आपली कोल्हापूरची. १० सांगली, ११ सातारा, ५० कराड. केए २२ म्हणजे बेळगाव, केए २३ म्हणजे चिकोडी-निपाणीकडची मंडळी. जीए दिसलं की गोवा. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला सासनकाठ्यांबरोबर किती जिल्ह्यांची आणि किती राज्यांची माणसं येतात, ते पार्किंगमधल्या प्लेटांवरूनच कळतं.

आमच्या भागात नवी गाडी घेतली की ती पहिल्यांदा डोंगरावर न्यायची रीत आहे. बॉनेट उघडून इंजिनावर गुलाल, काचेजवळ दवण्याची जुडी, चाकाखाली लिंबू, ‘चांगभलं’चा गजर, आणि मग गाडी एक हात पुढे घ्यायची. आलेला प्रत्येक जण दोनच गोष्टी विचारतो. केवढ्याला पडली? आणि पासिंग कुठलं?

‘पासिंग’ हा शब्द कुठल्याही सरकारी अर्जावर सापडणार नाही. तिथं नोंदणी असते, नोंदणी चिन्ह असतं. पण आरटीओच्या माणसानं गाडी पाहिली, कागद पाहिले, गाडी ‘पास’ केली, आणि त्यातून आलेला नंबर म्हणजे पासिंग, असं लोकांनी ठरवलं. मला हा शब्द नोंदणीपेक्षा बरा वाटतो. गाडी रस्त्यावर यायच्या आधी कुणीतरी तिच्यासमोर उभं राहून तिला पाहिलेलं असतं, हे त्यात येतं.

या प्रकरणात त्या पाहण्याविषयीच सांगायचं आहे. माणूस गाव बदलतो, राज्य बदलतो, देश बदलतो आणि गाडी बरोबर घेतो, तेव्हा काय होतं? बंगळुराहून कोल्हापूरला येणाऱ्या गाडीची आणि लंडनहून पुण्याला येणाऱ्या गाडीची अडचण मुळात एकच आहे. जुन्या घरातून नाव काढलं गेल्याशिवाय नव्या घरात नाव लागत नाही.

आमचे दाजी आठ वर्षांची बंगळुरातली नोकरी सोडून कोल्हापुरात परत आले, बरोबर केए पासिंगची चार वर्षांची गाडी घेऊन. पाहुणा म्हणून ती गाडी आधीही दर दिवाळीला येत होती आणि त्यात काहीच गैर नव्हतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४६ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी सगळ्या भारतात चालते. अडचण राहायला आल्यावर सुरू होते. कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर मालकानं तिथल्या आरटीओकडून नवा नंबर घ्यायचा. पोलिसानं अडवलं की बरेच जण छाती ठोकून सांगतात, ‘भारतात कुठंही चालते.’ ते अर्धंच खरं असतं. कायदा ‘चालवली’ असं म्हणत नाही, ‘ठेवली’ असं म्हणतो.

नवा नंबर घ्यायचा तर आधी जुन्या राज्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही ना-हरकत. गाडी चोरीची नाही, एखाद्या गुन्ह्यात अडकलेली नाही, दंड आणि कर थकलेला नाही, हे सगळं जुन्या आरटीओनं पाहायचं. मग नव्या आरटीओकडे फॉर्म २७, कर, तपासणी आणि नवा नंबर.

फॉर्म २८ वर एक चौकोन असतो, तिथं चेसिस नंबरचा पेन्सिलीनं घेतलेला ठसा चिकटवायचा. हे काम मी जवळून पाहिलं. दाजींच्या गाडीत चेसिस नंबर बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर कोरलेला होता, आणि चार वर्षांत तीनदा जोतिबाला जाऊन आलेली ती गाडी असल्यानं अक्षरांच्या खाचांत गुलाल घट्ट बसलेला होता. काम करणाऱ्या माणसानं आधी ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्या. पातळ कागद त्यावर धरला, दोन बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि पेन्सिलीचं टोक आडवं करून हलक्या हातानं घासत गेला. करड्या पट्ट्यात पांढरी अक्षरं उमटत गेली. जिथं गुलाल राहिला होता, तिथं अक्षर भरून आलं.

“मालक, हा आठ आहे का बी?” त्यानं विचारलं.

“आठच असणार,” दाजी म्हणाले.

“असणार म्हणून चालत नाही, मालक. परत घेऊ.”

त्यानं टाचणीनं खाच साफ केली आणि दुसरा ठसा घेतला. आठच होता. पण त्याच्या त्या सवयीचं मोल आम्हाला पुढे कळलं. आधीच्या एका कार्यालयातून आलेल्या कागदावर त्याच जागी कुणीतरी ‘बी’ टंकलेलं होतं. एका अक्षरापायी सगळी फाईल परत गेली आणि दुरुस्त होऊन यायला दोन महिने लागले. दोन महिने गाडी दारात उभी. मधल्या काळात तिचं घर ना इकडं होतं, ना तिकडं.

ही सतरा अक्षरं म्हणजे गाडीची खरी ओळख. जगभर चालणाऱ्या या पद्धतीत इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. आठ आणि बी मात्र दोन्ही वापरात आहेत, त्यामुळं दाजींसारखे घोटाळे होतात. पहिली तीन अक्षरं कारखाना सांगतात. एमए१ म्हणजे महिंद्र, एमए३ मारुती, एमएटी टाटा. भारतातल्या गाड्यांची सुरुवात ‘एम’नं होते, जर्मनीतल्या ‘डब्ल्यू’नं, जपानच्या ‘जे’नं, ब्रिटनच्या ‘एस’नं. आपल्या गाडीचं आरसी काढून पाहा, गाडीचा जन्म कुठला ते तिथंच लिहिलेलं असतं.

न बदलणाऱ्या ओळखीचा एक दाखला डोंगरावरच आहे. जोतिबाचं आजचं मुख्य देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलं. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं हे घराणं पुढं माळव्यात गेलं, उज्जैन आणि मग ग्वाल्हेर हे त्याचं घर झालं, पण कुलदैवत वाडी रत्नागिरीचा जोतिबाच राहिला. चेसिस नंबर गाडीच्या कुलदैवतासारखा आहे. नंबरप्लेट चार वेळा बदलेल, रंग बदलेल, मालक बदलेल, पण हा नंबर गाडी भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. जगातलं कुठलंही नोंदणी कार्यालय प्लेटच्या आधी तोच पाहतं.

मग नंबर बदलायचाच कशाला, असा प्रश्न पडतो. चेसिस नंबर देशभर एकच, नोंदींचा ‘वाहन’ हा संगणकी साठाही देशभर एकच. त्याचं कारण कर. आपल्या राज्यघटनेत वाहनांवरचा कर राज्यांच्या यादीत आहे. नोंदणीचा कायदा केंद्राचा, तिजोरी राज्याची. खासगी मोटारीचा कर आपण नवी गाडी घेताना एकरकमी भरतो, पंधरा वर्षांचा हिशोब धरून. चार वर्षांनी गाडी दुसऱ्या राज्यात गेली तर ते नवं राज्य म्हणतं, पुढची अकरा वर्षं आमच्या रस्त्यांवर चालणार, आमचा कर द्या. तोही गाडीच्या किमतीवर आणि वयावर ठरतो. जुन्या राज्याकडं उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी नव्या राज्याचं आरसी हातात यावं लागतं. म्हणजे आधी दोन्हीकडं भरायचं आणि मग जुन्या गावाला जाऊन मागायचं. मला ओळखणाऱ्या बहुतेकांनी हा परतावा सोडून दिलेला आहे. तो त्यांचा पैसा आहे. नोंदी एकाच साठ्यात असताना दोन राज्यांनी आपसात हिशोब मिटवायला हवा आणि नागरिकाला त्यातून मोकळं करायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

निम्मी वाट तरी २०२१ मध्ये मोकळी झाली. १५ सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका सुरू झाली. नंबरात राज्याऐवजी ‘बीएच’, म्हणजे भारत. आधी नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक, मग बीएच, मग चार अंक आणि अक्षरं. संरक्षण दलातले, केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले लोक हा नंबर घेऊ शकतात. कर पंधरा वर्षांचा एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. बदली झाली तरी नंबर तोच. सुरुवातीला ही सोय फक्त नव्या गाड्यांना होती, पुढं जुन्या गाड्यांनाही खुली झाली. बंगळुरात आठ वर्षं काढणाऱ्या दाजींनी गाडी घेताना याचा विचार केला असता तर पेन्सिलीच्या ठशाचा हा सगळा प्रसंग घडलाच नसता.

राज्याची हद्द इतकी उंच, तर देशाची किती असेल?

परदेशात काही वर्षं काढून कायमचं परत येणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. तिकडं घेतलेली गाडी आवडती असते, मुलं त्यातच मोठी झालेली असतात. नियम असा आहे की सलग दोन वर्षं परदेशात राहून कायमच्या वास्तव्यासाठी येणाऱ्याला, किमान एक वर्ष स्वतःच्या ताब्यात असलेली गाडी परवाना न काढता आणता येते. मात्र कस्टम ड्युटी पूर्ण भरायची. घरसामानाला जी सवलत मिळते, ती गाडीला नाही. ड्युटीसाठी गाडीची किंमत धरताना जहाजाचं भाडं आणि विमाही मिळवतात, वर जीएसटी. सगळं मिळून भरायची रक्कम गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होते. म्हणजे एक गाडी घरी आणायला दोनपेक्षा जास्त गाड्यांचे पैसे.

एवढ्यावर संपत नाही. वापरलेली गाडी बनल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. स्टिअरिंग उजवीकडं हवं. वेग किलोमीटरमध्ये दाखवणारा स्पीडोमीटर हवा. वापरलेली गाडी उतरवायची ती मुंबई बंदरातच. आणि उतरल्यावर तिची चाचणी करायची, त्यासाठी नेमलेल्या तीन संस्थांपैकी दोन आपल्याकडच्या आहेत: पुण्याची एआरएआय आणि अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, व्हीआरडीई. तिसरी मध्य प्रदेशात बुदनीला. परदेशातून आलेली गाडी भारतीय रस्त्यावर चालायला योग्य आहे की नाही, हे बहुतेक वेळा महाराष्ट्राच्या मातीतच ठरतं.

या अटींमध्ये एक अट वाचताना फारसं कुणी थांबत नाही, ती म्हणजे हेडलाइटची. डाव्या बाजूनं चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा प्रकाश हवा, असं नियम सांगतो. रात्री घाट उतरताना ती नीट समजते. गाडीचा खालचा बीम, ज्याला आपण डिपर मारून खाली घेतलेला लाइट म्हणतो, तो दोन्ही बाजूंना सारखा नसतो. आपल्या गाड्यांत तो डावीकडं थोडा वर चढतो, म्हणजे कडेचा माणूस, खांब, वळणाचा दगड दिसावा. उजवीकडं तो कापल्यासारखा सरळ खाली राहतो, समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. भिंतीसमोर गाडी उभी करून लाइट लावला तर ही चढती रेघ स्पष्ट दिसते. जर्मनीची किंवा अमेरिकेची गाडी उजव्या बाजूनं चालण्यासाठी बनलेली असते, तिची रेघ उजवीकडं वर जाते. ती जोतिबाच्या घाटातून यात्रेच्या रात्री खाली आली, तर समोरून चढणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चालकाच्या डोळ्यांवर तो झोत जाईल आणि कडेनं चालणारे यात्रेकरू मात्र अंधारात राहतील. अनेक नियम पैशासाठी असतात. हा माणसांसाठी आहे.

स्टिअरिंगच्या अटीमुळं नकाशा आपोआप दोन भागांत पडतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, जपान इथल्या गाड्या निदान विचारात घेता येतात. दुबई, अमेरिका, जर्मनी इथल्या नाही. आखातात नोकरी करून परतणाऱ्या आमच्या भागातल्या कितीतरी जणांना हे गाडी घेतल्यावर कळलं आहे.

बंदरातून सुटलेली गाडी आरटीओत येते तेव्हा डीलरचं विक्री प्रमाणपत्र तिच्याजवळ नसतं. त्या जागी कस्टमचे कागद उभे राहतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ४७ आयात गाडीसाठी कस्टमनं सोडल्याचं प्रमाणपत्र मागतो, आणि ‘बिल ऑफ एंट्री’ हाच तिचा इथला जन्मदाखला ठरतो. त्यावरचा चेसिस नंबर आणि पत्र्यावरचा चेसिस नंबर जुळला पाहिजे. पुन्हा तीच पेन्सिल.

परतणाऱ्या कुणी मला विचारलं तर मी सांगतो, गाडी तिकडंच विका. तिच्यात फोटो काढा, मुलांना शेवटचा फेरफटका मारून आणा आणि विका. पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतील.

काही दिवसांसाठी गाडी आणायची असेल तर मात्र सुंदर सोय आहे. तिचं नाव कार्ने. हा गाडीचा पासपोर्टच. एका देशाच्या मोटार संघटनेनं हमी द्यायची की ही गाडी परत येईल, आणि मग प्रत्येक सीमेवर त्या पुस्तकातल्या पानावर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा शिक्का. ड्युटी भरायची गरज नाही. गाडी ठरलेल्या मुदतीत बाहेर गेली नाही तर हमी घेणाऱ्यानं ड्युटी भरायची. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन, १९१९ सालची संस्था, आपल्याकडून बाहेर जाणाऱ्यांना असं कार्ने देत आली आहे. बाहेरून येणाऱ्या खासगी गाड्यांसाठी केंद्रानं २०२२ मध्ये वेगळे नियम केले: वैध नोंदणी, चालकाचा परवाना, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र गाडीत हवं, कागद इंग्रजीत नसतील तर भाषांतर हवं, आणि इथले प्रवासी किंवा माल भाड्यानं न्यायचा नाही. २०२४ मध्ये लंडनला राहणारे विराजित मुंगळे आपली गाडी चालवत सोळा देश ओलांडून एकोणसाठ दिवसांत ठाण्याला आईकडं पोहोचले, तेव्हा त्या परदेशी प्लेटच्या गाडीचं शेजाऱ्यांना किती अप्रूप वाटलं असेल!

उलट दिशेची गोष्टही आता घरोघरी आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीची मुलं जर्मनीत, ब्रिटनमध्ये कारखान्यांत कामाला आहेत, आणि एका देशातून दुसऱ्या देशात जाताना गाडी बरोबर नेतात. जर्मनीतून ब्रिटनला कायमचं जाणाऱ्यानं आधी किमान बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेलं असलं, आणि गाडी किमान सहा महिने स्वतःची असली, तर ती कर न भरता नेता येते. नंतर बारा महिने विकायची नाही. पोहोचल्यावर चौदा दिवसांत तिथल्या कर खात्याला कळवायचं. मग डावं स्टिअरिंग तसंच राहिलं तरी चालतं, पण हेडलाइटचा झोत डावीकडं वळवून घ्यावा लागतो, मैलांत वेग दाखवणारा स्पीडोमीटर लागतो आणि मागचा धुक्याचा दिवा उजवीकडं किंवा मध्ये लागतो. घाटातली तीच गोष्ट, फक्त इंग्लंडच्या धुक्यात.

अमेरिकेचं गणित वेगळंच. अमेरिकी सुरक्षा मानकांप्रमाणे न बनलेली गाडी तिथं जायची तर ती पंचवीस वर्षांची व्हावी लागते. त्यामुळं नागपूरच्या एखाद्या घरातली १९८५ ची प्रीमियर पद्मिनी न्यूजर्सीतल्या नातवाकडं जाऊ शकते, पण त्याच घरातली चार वर्षांची नवी गाडी जाऊ शकत नाही. जपानमध्ये तर आधी गाडी कुठं उभी राहणार ते सिद्ध करायचं. घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचा पोलिसांचा दाखला, ‘शाको शोमेई’, मिळाल्याशिवाय साधारणपणे गाडीची नोंदणी होत नाही. आपल्या कलम ४७ मधला ‘ठेवली’ हा शब्द त्यांनी फूटपट्टी घेऊन मोजला आहे. पुणे-मुंबईच्या गल्ल्यांत रात्री दुहेरी रांगेत उभ्या गाड्या पाहताना मला तो दाखला नेहमी आठवतो, आणि आपल्याकडं तो यावा असं वाटतं.

कोल्हापूरकरांना परदेशी गाडीचं नातं नवीन नाही. छत्रपती घराण्याची जर्मनीत बनलेली मेबॅक मोटार आजही दसऱ्याला दसरा चौकात येते, आणि सोनं लुटायला आलेली गर्दी आधी तिच्याकडं वळते. अशा पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये नोंदणीची वेगळी तरतूद झाली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या कामाला ही गाडी वापरायची नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, देखभाल अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची. वाडवडिलांच्या गाड्या जपणाऱ्या घरांना कायद्यानं दिलेला हा मान मला फार आवडला.

दाजींच्या गाडीला एमएच ०९ लागला तो श्रावणात. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी बॉनेट उघडून बॅटरी लावलेल्या छोट्या दिव्यानं सतरा अक्षरं एक-एक करून वाचली, आठवरही थांबले, आणि सही केली. जुन्या केए प्लेटा दाजींनी पिशवीत घालून ठेवल्या, बंगळुराच्या परताव्यासाठी काही मागितलं तर असाव्यात म्हणून. पुढच्या रविवारी गाडी डोंगरावर गेली. पुजाऱ्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं, मूठभर गुलाल घेतला, आणि दाजींनी घाईनं पुढं होऊन मागच्या पत्र्यावरच्या त्या ओळीवर आपला रुमाल पसरला.